वाट कोठे अडली?

नागपूर जिल्ह्यातील पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरी येथे पेंच नदीवर धरण बांधलेले आहे. ह्या धरणाच्या जलाशयातून नागपूर शहरास पिण्याचे पाणी जाते, आणि कालव्यांच्या वाटे ते धानाच्या बांध्यांपर्यंतही पोहोचते. एखाद्या दिवशी आपल्या बांधीत पाणी आले नाही, तर जाणता शेतकरी काय करतो? तो घरी बसून धरणाला दोष देत नाही. हाती कुदळ घेऊन दिसेल तो पाट फोडीतही सुटत नाही. तो कालव्याच्या कडेने चालू लागतो. मोठ्या कालव्यात पाणी आहे काय? दार उघडले आहे काय? चारीत गाळ साचला आहे काय? शेवटच्या धुऱ्याला भगदाड पडून पाणी भलतीकडे तर जात नाही ना? असे एकेक ठिकाण तो पाहत जातो. जेथवर पाणी आहे, तेथवर सारे ठीक. जेथून पुढे नाही, तेथेच दोष. जागा एकदा सापडली म्हणजे दुरुस्ती बहुधा सोपी असते. अवघड असते ती जागा शोधणे.

हीच रीत संगणकांच्या बाबतीतही उपयोगी पडते. एका संगणकावरील माहिती दुसऱ्यावर जात नसेल, तर तिची वाट कोठे अडली आहे हे असेच क्रमाने शोधावे लागते.

समजा, पारशिवनीतील एका घरात दोन संगणक आहेत. एक जुना आणि एक नवा. दोहोंवर लिनक्स नावाची कार्यप्रणाली चालते. संगणकाचा सारा कारभार पाहणाऱ्या मूळ व्यवस्थेस कार्यप्रणाली म्हणतात. लिनक्सचा गाभा फिनलंड देशातील लिनस टॉरवल्ड्स ह्या विद्यार्थ्याने १९९१ साली, वयाच्या २१ व्या वर्षी लिहिला आणि तो इतरांस पाहण्यासाठी व सुधारण्यासाठी खुला केला. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. आपल्या देशात सी-डॅक ह्या संस्थेने, जिचे मुख्यालय पुण्यास आहे, २००७ साली लिनक्सच्याच पायावर ‘बॉस’ नावाची प्रणाली तयार केली आणि तिच्यात भारतीय भाषांची सोय केली. जुन्या यंत्रावरही लिनक्स चांगले चालते. म्हणून पुष्कळ घरांत जुना संगणक टाकून न देता त्यावर लिनक्स बसवितात.

ह्या घरातील जुन्या संगणकात एक अमोल ठेवा होता. आजी पूर्वी जात्यावर दळताना ज्या ओव्या म्हणत असे, त्या तिच्या मुलाने एकदा तिला समोर बसवून तिच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. आजी आता राहिली नव्हती. त्या ओव्या कोणी लिहूनही ठेवल्या नव्हत्या. आणि अलीकडे जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला होता. असा आवाज म्हणजे डिस्क थकल्याची खूण होय. ती आजच बंद पडेल की सहा महिन्यांनी, हे कोणासही सांगता येत नाही. आजीचा आवाज नव्या संगणकावर न्यावयाचा, आणि तो आजच न्यावयाचा, असे घरातील बहीणभावांनी ठरविले. परंतु नव्या संगणकावरून जुन्याला कितीही हाका मारल्या, तरी उत्तर येईना. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटे आणि काम तेथेच थांबे.

“ताई, आज सकाळपासून इंटरनेटच बंद आहे. मग फाइल जाणार तरी कशी?” धाकटा भाऊ म्हणाला.

“अरे, दोन्ही संगणक आपल्याच घरात आहेत,” बहीण म्हणाली. “एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावयास नागपूरचा रस्ता कशाला हवा?”

बहिणीचे म्हणणे बरोबर होते. घरात वायफायसाठी जी लहानशी पेटी असते, तिला राउटर म्हणतात. घरातील सर्व यंत्रे ह्या राउटरला तारेने किंवा तारेवाचून जोडलेली असतात. बाहेरच्या जगाशी संबंध आला म्हणजे राउटर इंटरनेटची मदत घेतो. परंतु घरातल्या घरात निरोप पोहोचवावयाचा असेल, तर त्याला बाहेर डोकावण्याचेही कारण नसते. इंटरनेट बंद असले तरी राउटर चालू आहे, एवढे पुरे. म्हणून शोधाचे पहिले ठिकाण राउटर हे होय. त्यावरील दिवे लागले आहेत काय? तार नीट बसली आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दोन्ही संगणक एकाच राउटरला जोडलेले आहेत काय?

येथेच पहिला दोष सापडला. सकाळी इंटरनेट बंद पडले, तेव्हा घरातील कोणीतरी नवा संगणक बाबांच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला होता, आणि तो तसाच राहून गेला होता. म्हणजे एक संगणक घराच्या राउटरवर आणि दुसरा मोबाइलवर. दोघांमध्ये वाटच नव्हती. बहिणीने नवा संगणक घरच्या वायफायला जोडला. काही राउटर पाहुण्यांसाठी निराळे वायफाय देतात. त्यावर असलेल्या यंत्रांस घरातील इतर यंत्रे सहसा दिसत नाहीत. तेव्हा तेही पाहून घ्यावे लागते.

शोधाचे दुसरे ठिकाण म्हणजे पत्ता. पोस्टमनला पत्र पोहोचविण्यास जसा घराचा पत्ता लागतो, तसा जाळ्यातील प्रत्येक संगणकालाही पत्ता लागतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. हा पत्ता बहुधा चार आकड्यांचा असतो आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ ह्यांच्या दरम्यान असतो. घराघरांतील पत्ते पुष्कळदा १९२.१६८ ह्या आकड्यांनी सुरू होतात, कारण आकड्यांचा हा गट खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेला आहे. पारशिवनीतील एका घरात आणि फिनलंडमधील दुसऱ्या घरात अगदी एकच पत्ता असू शकतो. त्याने काही घोटाळा होत नाही. प्रत्येक गावात पहिल्या क्रमांकाचे घर असते, तसेच हे आहे. बहुतेक घरगुती जाळ्यांत पत्त्याचे पहिले तीन आकडे सर्व यंत्रांचे सारखे असतात आणि शेवटचा तेवढा निराळा असतो. पहिले तीन आकडे जुळले नाहीत, तर यंत्रे निराळ्या जाळ्यांत आहेत असा संशय घ्यावा.

परंतु हे पत्ते कायमचे नसतात. राउटर ते यंत्रांस काही काळापुरते वाटून देतो. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, की कधी कधी कालचा पत्ता आज बदललेला असतो. बहिणीच्या वहीत जुन्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.४ असा लिहिलेला होता. भावाने जुन्या संगणकावर जाऊन पाहिले, तो आज तो १९२.१६८.१.७ असा होता. आदल्या रात्री गावातील वीज गेली होती, हे तेव्हा दोघांच्या ध्यानात आले. इतका वेळ ती दोघे रिकाम्या घराचे दार वाजवीत होती!

बहिणीने वहीतील जुना पत्ता खोडला आणि नवा लिहिला. ही वही त्यांच्या फार उपयोगी पडली. एका वेळी एकच बदल करावयाचा, तो लिहावयाचा आणि मग परिणाम पाहावयाचा, असा नियम त्यांनी ठरविला होता. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या, तर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही; आणि नवा दोष निर्माण झाला, तर तो कोणी केला हेही कळत नाही.

पत्ता मिळाल्यावर तिसरे ठिकाण आले. त्या पत्त्यावर कोणी आहे काय, हे पाहण्यासाठी ‘पिंग’ नावाची एक लहानशी आज्ञा असते. तिच्यामुळे एक संगणक दुसऱ्याला हाक मारतो आणि दुसरा “ओ” देतो. १९८३ साली माइक मूस ह्या अमेरिकन संशोधकाने ती लिहिली. पाण्याखाली बुडालेली वस्तू शोधण्यासाठी जहाजातून ध्वनी सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतात. त्या ध्वनीवरून त्याने आपल्या कार्यक्रमास पिंग हे नाव दिले. बहिणीने नव्या पत्त्यावर पिंग पाठविले. क्षणार्धात उत्तर आले. वाट जुन्या संगणकाच्या अंगणापर्यंत मोकळी होती, हे आता निश्चित झाले. पिंगला उत्तर न आले, तर मात्र तेथे कोणीच नाही असे लगेच म्हणता येत नाही. काही संगणक पिंगकडे मुद्दाम दुर्लक्ष करतात. म्हणून एकाच पुराव्यावर निकाल देऊ नये.

आता चौथे ठिकाण, दार. संगणकाला एकच दार नसते. निरनिराळ्या कामांसाठी त्याला क्रमांक दिलेली दारे असतात. त्यांस पोर्ट म्हणतात. त्यांचे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात. एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल नेण्याचे नियम १९७१ साली प्रथम लिहिले, ते अभय भूषण ह्या भारतीयाने. अलाहाबाद येथे जन्मलेले आणि कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये शिकलेले भूषण त्या वेळी अमेरिकेतील एम. आय. टी. ह्या संस्थेत होते. त्या नियमांस एफटीपी म्हणतात. परंतु त्या काळी जाळी लहान होती आणि सारे एकमेकांस ओळखत असत. म्हणून एफटीपीमध्ये पासवर्ड उघडाच जात असे. पुढे जाळी वाढली, तसे वाटेत कान देणारेही वाढले. १९९५ साली फिनलंडमधील टाटू यलोनेन ह्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यात पासवर्ड चोरीस गेले, तेव्हा त्यांनी सारे बोलणे गुप्त लिपीत करणारी एसएसएच ही पद्धत तयार केली. आज लिनक्स संगणकांमध्ये फाइली नेण्यासाठी तीच मुख्यतः वापरली जाते. तिचे दार २२ क्रमांकाचे.

बहिणीने २२ क्रमांकाचे दार ठोठावले. बराच वेळ काहीच झाले नाही. मग पडद्यावर ओळ आली : ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. म्हणजे वाट पाहून वेळ संपला, उत्तर नाही.

पिंगला उत्तर आणि दारावर मात्र शांतता, हे कसे? अशा वेळी बहुधा फायरवॉल आडवी आलेली असते. फायरवॉल म्हणजे संगणकाचा द्वारपाल. नको असलेल्या पाहुण्याला तो पुष्कळदा नकारही देत नाही; केवळ गप्प राहतो.

“मग तो द्वारपालच काढून टाकू या!” भाऊ उतावळेपणाने म्हणाला.

“एका बांधीला पाणी हवे म्हणून कोणी कालवा फोडतो का?” बहिणीने विचारले.

द्वारपाल काढून टाकणे सोपे असते, परंतु मग सारीच दारे राखणीवाचून राहतात. योग्य उपाय असा की, २२ क्रमांकाचे तेवढे दार, आणि तेही घरातील जाळ्यापुरतेच, उघडावयास सांगावे. अशा कामास संगणकाच्या मालकाची संमती लागते. मुलांनी बाबांना बोलाविले. त्यांनी आपला पासवर्ड घालून तेवढीच मोकळीक दिली.

पुन्हा दार ठोठावले. ह्या वेळी लगेच उत्तर आले : ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. म्हणजे, जोडणी नाकारली.

भावाचा चेहरा उतरला. बहिणीचा मात्र उजळला. आधी शांतता होती, आता नकार मिळाला. नकार देणारा तेथे कोणी आहे, आणि आपला निरोप त्याच्यापर्यंत पोहोचला, हेच त्यावरून सिद्ध झाले. दोष गेला नव्हता, पण निरोप बदलला होता. आणि निरोप बदलला म्हणजे शोध एक पाऊल पुढे गेला. दारापर्यंत वाट मोकळी होती. दारामागे कामकरी मात्र कोणी नव्हता. एसएसएचची विनंती ऐकणारा कार्यक्रम जुन्या संगणकावर चालू असावा लागतो. पुष्कळ लिनक्स संगणकांवर तो मुळात बसविलेलाच नसतो आणि मग इंटरनेट मिळाल्यावर तो मागवावा लागतो. येथे तो बसविलेला होता, परंतु रात्री वीज गेल्यानंतर सुरू झाला नव्हता. बाबांनी तो सुरू केला. मग त्यांनी जुन्या संगणकावरूनच त्याच संगणकाचे दार वाजवून पाहिले. ही चांगली युक्ती आहे. घरातूनच दार उघडत असेल आणि बाहेरून उघडत नसेल, तर दोष वाटेत आहे. घरातूनही उघडत नसेल, तर दोष घरातच आहे. ह्या वेळी दार आतून उघडले.

मग नव्या संगणकावरून पुन्हा प्रयत्न केला. आता एक निराळाच प्रश्न पडद्यावर आला. हा संगणक आपणास प्रथमच भेटत आहे, त्याची ओळखखूण अमुक आहे, तिच्यावर विश्वास ठेवावयाचा काय? बाबांनी जुन्या संगणकावरील खूण वाचून दाखविली, बहिणीने ती पडद्यावरील खुणेशी ताडून पाहिली, आणि मगच होकार दिला. एकदा पटलेली खूण पुढे अचानक बदलली, तर एसएसएच मोठी ताकीद देते. राउटरने तोच पत्ता दुसऱ्या यंत्रास दिला किंवा जुन्या संगणकावर प्रणाली नव्याने बसविली, तर असे घडते. परंतु दुसरा कोणी सोंग घेऊन बसला असेल, तरीही असेच घडते. म्हणून ती ताकीद न वाचता पुढे जाऊ नये.

अखेरचे ठिकाण म्हणजे किल्ली. पडद्यावर ओळ आली : ‘परमिशन डिनाइड’, म्हणजे परवानगी नाही. दार उघडले होते, पण आत घेतले जात नव्हते. असे झाले म्हणजे नाव पाहावे, पासवर्ड पाहावा, आणि त्या फाइली वाचण्याचा अधिकार त्या नावास आहे काय, हेही पाहावे. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीस एक मालक असतो, आणि ती कोणी वाचावी व कोणी बदलावी हे ठरलेले असते. मुलगी आपल्या नावाने आत जाऊ पाहत होती. जुन्या संगणकावर मात्र तिचे नाव नव्हते, तेथे केवळ बाबांचे नाव होते. बाबांच्या नावाने विनंती केली, त्यांनी पासवर्ड घातला, आणि जुन्या संगणकातील फाइलींची यादी पडद्यावर उलगडली.

आता काय आधी न्यावयाचे, हा प्रश्न होता. ओव्यांचे मुद्रण सुमारे एक तासाचे होते. ते अवघ्या ६० मेगाबाइटांत मावले होते. छायाचित्रे मात्र ४० गिगाबाइट, म्हणजे ४०,००० मेगाबाइट होती. वायफायवरून सेकंदाला अडीच मेगाबाइट जात होते. त्या वेगाने ओव्यांस २४ सेकंद पुरत, आणि छायाचित्रांस जवळजवळ साडेचार तास लागले असते. थकलेल्या डिस्कला इतका वेळ राबविणे धोक्याचे होते. जे अमोल आणि लहान, ते आधी, असे त्यांनी ठरविले. ओव्या प्रथम आल्या. नंतर दोन्ही संगणक तारेने राउटरला जोडले. तारेवरून सेकंदाला साडेबारा मेगाबाइट जाऊ लागले आणि छायाचित्रे तासाभराच्या आत आली. मध्ये एकदा तार निसटली. परंतु त्यांनी ‘आरसिंक’ हा कार्यक्रम वापरला होता. तो ऑस्ट्रेलियातील अँड्रू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास ह्यांनी १९९६ साली तयार केला. जेवढे पोहोचले तेवढे सोडून उरलेलेच तो पुन्हा पाठवितो. म्हणून पहिल्यापासून आरंभ करावा लागला नाही.

फाइली पोहोचल्या, तरी काम संपले नव्हते. पाठविलेली आणि पोहोचलेली फाइल एकच आहे, ह्याची खात्री करावयाची होती. त्यासाठी संगणक फाइलीतील सर्व माहितीवरून ६४ चिन्हांची एक खूण काढतो. फाइलीत एका अक्षराचाही फरक पडला, तर ती खूण पार बदलते. दोन्ही संगणकांवर खुणा काढून बहीणभावांनी त्या एकेक चिन्हाने ताडल्या. त्या तंतोतंत जुळल्या. शेवटी बाबांनी एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि ती रामटेकला मामांच्या घरी ठेवावयाची असे ठरले. कारण एकाच घरातील दोन प्रती एकाच वेळी नष्ट होऊ शकतात.

सायंकाळी नव्या संगणकावर ती फाइल लावली. आधी जात्याची घरघर ऐकू आली, आणि मग आजीचा आवाज. बाबा दाराशी उभे राहून ऐकत होते. भावाने वही उघडून पाहिली. त्या दिवशीच्या पानावर पाच दोष लिहिलेले होते : निराळे जाळे, बदललेला पत्ता, बंद दार, थांबलेला कार्यक्रम, चुकलेले नाव. पाचांपैकी एकही मोठा नव्हता. पण पाचही एकामागे एक दडलेले होते, म्हणून सकाळी ते मिळून एकच मोठे संकट वाटले होते. बहिणीने पानाच्या तळाशी तारीख घातली आणि जुन्या संगणकाचा नवा पत्ता पुन्हा एकदा नीट, मोठ्या आकड्यांत लिहून ठेवला.